पालिकेचं वतन

माझ्या खिशात अकरा दिवस एक कागद होता. तिसऱ्या पाळीला जाताना तो माझ्यासंगं गिरणीत जायचा आणि सकाळी घामानं मऊ होऊन घरी यायचा. त्यावर टाइप केलेलं होतं की, वडील नगरपरिषदेच्या आरोग्य विभागातून सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या जागी वारस म्हणून बहिणीची नेमणूक करण्यास माझी कोणतीही हरकत नाही. खाली सहीची जागा कोरी. तिथं माझी सही पाहिजे होती.

हरकत नाही? मला तर कळायला लागल्यापासून हरकत आहे. पण ती लिहायला त्या कागदावर जागा नाही. म्हणून इथं लिहितोय.

दोस्तहो, गावाचं नाव देत नाही. दिलं तर बहिणीला मुकादम आणि मला कंत्राटदार उद्यापासून वेगळ्या नजरेनं बघतील. तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. नगरपालिका आहे म्हणून त्याला शहर म्हणायचं. बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या आज्यानं खेडं सोडलं. पण त्याची दमछाक इथंवर येऊनच झाली. मुंबई-पुणं गाठलं नाही. त्यामुळं आम्ही मधेच राहिलो. खेड्याला वेस असते. इथं वेस नाही, प्रभाग आहेत. पण पहाटे साडेपाचला हजेरीच्या शेडपुढं उभं राहून बघा कोण कुठल्या प्रभागातनं आलंय. वेस कुठनं जाते ते नकाशाशिवाय कळंल.

मी दहावीनंतर शाळा सोडली. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे, कंत्राटावर. साच्यावर धागा तुटला की सांधायचा, बॉबिन भरली की उतरवायची, आठ तास चालत राहायचं. वाचलं ते विहाराच्या कपाटातलं आणि रद्दीवाल्याच्या दुकानातलं. नीतिशास्त्र म्हणून जो विषय कॉलेजात शिकवतात तो मला शिकवायला कुणी आलं नाही. तेव्हा कुणा विद्वानाला माझ्या मांडणीत खोट दिसली तर त्यानं ती जरूर काढावी. फक्त काढताना आपल्या घराबाहेरचा कचऱ्याचा डबा कोण उचलतं, ते एकदा आठवावं.

बा एकतीस वर्षं पालिकेत होता. आधी गटारावर, मग घंटागाडीवर, शेवटची चार वर्षं पाठ गेली म्हणून बाजारपेठेच्या रस्त्यावर झाडायला. प्यायचा. "पिल्याबिगर चेंबरात तोंड घालता येत न्हाय," म्हणायचा आणि ते खरंच होतं. मी लहानपणी त्याच्या पिण्याची लाज धरायचो. चेंबरची लाज पालिकेनं धरायला पाहिजे होती, हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

बा निवृत्त झाला तेव्हा घरात लग्न जमल्यासारखी माणसं गोळा झाली. कारण बाच्या जागेवर वारस लागणार. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात सफाई कामगारांसाठी लाड समिती, पागे समिती झाल्या आणि त्यांच्या शिफारशींवरून १९७५ पासून शासनाचे निर्णय निघत गेले. २०२३ साली ते सगळे एकत्र करून नवा निर्णय निघाला. मतलब एवढाच की सफाई कामगार मेला, निवृत्त झाला, तर त्याच्या घरातल्या एका वारसाला त्याच्या जागी घ्यायचं. याला बोलीत म्हणतात 'वारसा हक्क'. आमच्या वस्तीत पोराला बारशाच्या आधी हा शब्द माहीत होतो.

पहिला नंबर माझा होता. थोरला मुलगा. आई म्हणाली, "गिरणीत तुला किती दिवस ठेवतील? पालिकेचा पगार एक तारखेला न्हाई तर दहा तारखेला, पर येतो." मी एका वाक्यात नाही म्हणलं. अभ्यास मंडळात जाऊन सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं खांद्यावर हात टाकला, "बाबासाहेबांचा खरा वारस तू!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी त्या टाळीवर जगलो.

तिसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "मग मला लावा."

आणि माझं सगळं तत्त्वज्ञान तिथं आडवं झालं.

माझा मुद्दा काय होता तो आधी मांडतो, कारण तो मी आजही सोडलेला नाही. माझा मुद्दा असा की हे वतन आहे. जुनं वतन काय होतं? हाडकी-हाडोळ्याचं वीतभर रान, खळ्यावरचं बलुतं, दारोदार भाकरी मागायचा अधिकार, हो, मागायचाच, त्यालाही हक्क म्हणायचे, आणि बावन्न हक्कांच्या कथा अभिमानानं सांगायचे. बदल्यात चाकरी. चावडीपुढं काठी घेऊन बसायचं, सांगावा घेऊन पळायचं, अंमलदाराच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही. मालक एक नाही, सगळा गाव मालक. १८७४ च्या वतन कायद्यानं या चाकरीवर सरकारचा शिक्का बसला. बाप मेला की पोराच्या हातात काठी. पोराला विचारायचं कारण नव्हतं, त्याचा जन्म हाच त्याचा अर्ज होता.

बाबासाहेबांनी १९२७ साली 'बहिष्कृत भारता'त या वतनाची चिरफाड केली. १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. त्यात सुटकेची वाट होती. ज्याला चाकरी नको त्यानं जमिनीचा पूर्ण सारा भरावा, जमीन ठेवावी आणि मोकळं व्हावं. सरकार आडवं आलं, वरच्या जाती आडव्या आल्या, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना वतन सुटावं असं वाटत नव्हतं. १९२९ साली बिल मागं घ्यावं लागलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ चा कायदा होऊन, १ ऑगस्ट १९५९ पासून. तेव्हा बाबासाहेब नव्हते.

हे आपण सगळे भाषणात सांगतो. पण वतन सोडवत नव्हतं त्या माणसांबद्दल आपण कसं बोलतो ते आठवा. अडाणी, लाचार, तुकड्याला मिंधे. मीही असंच बोलायचो. आता मला वाटतं, त्या माणसाच्या घरात संध्याकाळी काय शिजणार होतं ते भाषण करणाऱ्यानं विचारलं होतं का? बाबासाहेबांनी विचारलं होतं. म्हणून त्यांच्या बिलात जमीन ठेवायची सोय होती. ते नुसतं 'सोडा' म्हणले नाहीत, सोडल्यावर पोटाचं काय याचं कलम त्यांनी लिहिलं. आपण 'सोडा' तेवढं पाठ केलं आणि कलम विसरलो.

माझ्या अभ्यास मंडळातल्या मित्रानं, तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, मला फोनवर सुनावलं, "बहिणीच्या हातात झाडू देतोस? चळवळीला काळिमा आहे हा." मी म्हणलं, पगारात फरक आहे, वतनाला पगार नव्हता. इथं रजा आहे, भविष्य निर्वाह निधी आहे, युनियन आहे. राजीनामा देता येतो, वेसकराला देता येत नव्हता. तो म्हणाला, "बेडी सोन्याची असली म्हणून काय झालं?" वाक्य चांगलं आहे, पण ते म्हणायला आधी सोनं पाहिजे. बाच्या पगारातनं आमच्या घराला स्लॅब पडला नाही, पत्राच आहे.

तरी मित्राचं निम्मं खरं होतं आणि ते मला सुटत नव्हतं. हक्क कुठला आणि बेडी कुठली, हे ओळखायचं कसं? मी माझ्यापुरती एक रीत काढली. रांगेत आणखी कोण उभं आहे ते बघायचं. आमच्या पालिकेत कर विभागात कारकून निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या पोराला कुणी घरी बोलवायला येत नाही. ती जागा परीक्षेची. शिपायाची जागा जाहिरातीची. सगळ्या गावाला खुली, सगळ्या गावाची झुंबड. फक्त झाडू घरपोच. वारशानं मिळणारी चीज एकच आणि ती नेमकी दुसऱ्या कुणाला नको असलेली, हा काय योगायोग आहे?

कुणी म्हणेल, नको कसं, सफाईच्या जागेवर वरच्या जातीची माणसंही लागलीत. लागलीत ना. आमच्याच पालिकेत आहेत. हजेरीपटावर सफाई कामगार, बसायला वसुलीच्या टेबलावर. एक साहेबाची गाडी चालवतो. एक जन्म-मृत्यूच्या खिडकीत दाखले देतो. त्यांना पगार पाहिजे होता, झाडू नको होता, आणि पालिकेनं त्यांचा पगार झाडूपासून सोडवून दिला. धाकटी बारावी पास आहे, संगणकाचा कोर्स केलाय. आस्थापनेच्या टेबलावर मी विचारलं, हिला आत काही काम? उत्तर आलं, "जागा सफाईची, वारस सफाईला." म्हणजे बेडी झाडूत नाही. तोच पगार, तेच पद, पण एकाच्या हाताला ते चिकटतं आणि दुसऱ्याच्या हातातनं सुटतं. बाबासाहेबांनी हेच गांधींना सुनावलं होतं की या देशात माणूस कामामुळं भंगी ठरत नाही, जन्मामुळं ठरतो, मग तो ते काम करो न करो. ते पुस्तक १९४५ चं आहे. आमच्या पालिकेचा हजेरीपट या वर्षीचा आहे.

हे सगळं मी धाकटीला समजावून सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं ऐकून घेतलं. ती बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात कामाला होती. दहा तास उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, गिऱ्हाइकानं उधळलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या.

ती म्हणाली, "दादा, दुकान उघडलं की पयला झाडू कोण मारतं?"

मी गप्प.

"आम्ही चौघीजणी हाय. आडनाव इचारून घेतलंय त्यांनी. झाडू माझ्याकडंच आला, कुणी सांगितलं बी न्हाई. तिथं झाडल्याचं पैसं न्हाईत, हितं हाईत. एवढाच फरक हाय."

मी म्हणलं, "आणि उद्या तुझं पोरगं? त्याला पण वारस लावणार?"

तिनं मान वर केली. "माझ्या पोराच्या कागदावर सही करायची का न्हाई, ते मी बघीन. तू तुझ्या कागदाचं बघ."

त्या रात्री साच्यावर माझे धागे सारखे तुटत होते. म्हणजे ते रोजच तुटतात, पण त्या रात्री हात मागं पडत होता. जॉबर ओरडला. मी विचार करत होतो की मी नाही म्हणल्यानं नक्की काय झालं? झाडू पडला का? नाही. मी घेतला नाही तर धाकटी घेणार. धाकटीनं घेतला नाही तर जागा रिकामी राहणार, आणि रिकामी जागा पालिका भरत नाही, ठेकेदाराला देते. ठेकेदाराच्या बायका कुठनं येतात? आमच्या भिंतीला लागून मातंग वस्ती आहे, तिथनं. काही आमच्याच आळीतनं. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, रजा नाही, आणि पगार ठेकेदार देईल तो. म्हणजे मी हात धुऊन घेतले, ते पाणी वाहत जाऊन त्यांच्या दारात साचलं.

इथं मला एक गोष्ट टोचायला लागली, ती आपल्यातच बोलतो. आपल्या नकारात सोवळं शिरलंय का? बामणानं घाणीला हात लावला नाही, कारण तो विटाळ. मी घाणीला हात लावणार नाही, कारण तो अपमान. दोन्हीत फरक आहे, मला मान्य आहे. त्याचा नकार दुसऱ्याला खाली ठेवण्यासाठी होता, माझा स्वतःला वर काढण्यासाठी आहे. पण घाण तिथंच आहे आणि उचलणारी बाई तीच आहे. तिच्या जागेवरनं बघितलं तर आम्ही दोघं सारखेच लांब उभे. त्यात आपल्यातले काही शिकलेले, वस्ती सोडून कॉलनीत गेलेले, झाडूवाल्या भावकीतली सोयरीक टाळतात, पत्रिकेत नाव छापत नाहीत. हे कुठल्या स्मृतीत लिहिलंय? आपण मनुस्मृती जाळली ती महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला. तिची राख सगळ्यांच्या घरात पोचली का, मला शंका आहे.

महाडचं नाव निघालं म्हणून नगरपालिकेबद्दलच दोन गोष्टी. आपण चवदार तळं म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढं पाणी येतं. पण तो झगडा एका गावच्या नगरपालिकेशीही होता. ४ ऑगस्ट १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा कागदाचं पाणी झालं. मग मारहाण, मग गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळ्याची शुद्धी, आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला. दिलं तेही बहुमतानं, काढून घेतलं तेही बहुमतानं. पुढं कोर्टात दहा वर्षं गेली. सवर्णांची बाजू म्हणत होती की आम्हीच पाणी भरावं ही अनादि काळाची वहिवाट आहे. मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला सांगितलं, अशी वहिवाट तुम्ही सिद्ध केलेली नाही.

अनादि वहिवाट! त्या शब्दावर मी फार वेळ थांबलो. तळ्यावरनं आम्हाला हाकलायला वहिवाट लागली. पण गटारात आम्हाला उतरवायला वहिवाटीचा दावा कुणी दाखल केला नाही. कुठल्या नगरपालिकेनं, गटार बाटेल म्हणून अस्पृश्यांनी त्याला शिवू नये, असा ठराव केल्याचं तुम्ही ऐकलंय? गावाचं पाणी वर चढताना ठराव लागतात, कोर्ट लागतं, डोकी फुटतात. गावाचं पाणी खाली उतरताना आमचं घर सगळ्यांना तोंडपाठ असतं.

आता म्हणाल, आता पालिकेत आपली माणसं आहेत. आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची, १९९३ पासून लागू. नगरपालिकांत लोकसंख्येच्या प्रमाणात आपल्या जागा राखीव. मध्ये काही वर्षं निवडणुकाच नव्हत्या, प्रशासकाचं राज्य होतं. २०२५ च्या डिसेंबरात नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि आमच्या प्रभागातनं आपला माणूस निवडून आला. निळा गुलाल उधळला, मीही नाचलो. तो वारसाच्या कामाला घरी आला, चहा घेतला, "काळजी करू नका, फाइल मी पुढं ढकलतो," म्हणाला. मी म्हणलं, "नगरसेवक, फाइल पुढं जाईलच. सभेत एवढं विचारा की आत बसलेले सफाई कामगार रस्त्यावर कधी येणार?" तो हसला. म्हणाला, "लेका, मला समिती कुठली दिलीय माहीत हाय का? स्वच्छता, वैद्यक आणि आरोग्य." आधीच्या आपल्या नगरसेवकाला तीच दिली होती, त्याच्या आधीच्या बाईंनाही तीच. बांधकाम समिती आमच्या पालिकेत आपल्या माणसाकडं आलेली मला आठवत नाही. म्हणजे सभागृहातसुद्धा झाडू वारशानंच. मला त्याचा राग आला होता, तो तिथं थोडा उतरला.

गावाबद्दलही खरं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. माणसं वाईट नाहीत. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, बाजारपेठेत बाच्या अंगावर वरून फुलं टाकली, कुणी तरी हार घातला, फोटो काढला. तो फोटो आमच्या घरात आहे. त्याच बाजारपेठेत हॉटेलवाला सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा द्यायचा आणि बाला कागदी कपात. आधी मला वाटलं साथीमुळं. साथ गेली, काच परत आली, बाचा कप कागदीच राहिला. जुन्या काळी वेगळी कपबशी खुंटीला टांगलेली असायची, ती दिसायची, तिच्यावर बोट ठेवता यायचं. कागदी कपावर कुठला कायदा लावणार? वापरला, चुरगाळला, टाकला. आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे उचलायचा बानंच.

वस्तीचंही तसंच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायची. चांगला निर्णय, मी मनापासून म्हणतो. आमच्या वस्तीची पाटी बदलली, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. रिक्षावाला मात्र अजून विचारतो, "म्हंजे पालिकेच्या लोकांची आळी का?" जातीचं नाव गेलं, तिथं पालिकेचं आलं.

सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात, टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं की गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली त्याचे तीस लाख केले. मेल्यावरचा दर वाढला, ठीक आहे. बाला एकतीस वर्षांत रबरी हातमोजे किती वेळा मिळाले ते त्यालाच विचारलं. त्यानं बोटं मोजली. एका हाताची पुरली.

आता माझा निकाल. मला वाटतं झाडूची लाज धरायची नाही आणि वारशाचा अभिमान धरायचा नाही. झाडू हे काम आहे, गिरणीतल्या कामासारखं, माझ्या फुफ्फुसात रुई जाते, बाच्या नाकात घाण गेली. कामाला मजुरी, मोजे, यंत्र, वेळ मिळाली पाहिजे. वारसा ही दुसरी गोष्ट. पगाराची गरज आहे म्हणून माझी बहीण ती जागा घेत असेल, तर तिला लाचार म्हणायचा अधिकार मला नाही, कारण मी तिच्यापुढं दुसरं ताट ठेवलेलं नाही. पण ती जागा तिच्यापुढं जातीमुळं आली, हे तिनं आणि मी विसरायचं नाही, आणि पालिकेला विसरू द्यायचं नाही. म्हणून आपल्या मंडळांना माझं म्हणणं असं की 'झाडू सोडा' एवढंच लिहून भिंती रंगवू नका. झाडूच्या पगारावर टेबलाशी बसलेल्यांची यादी माहितीच्या अधिकारात मागा. वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणं काम मागा. ठेकेदाराच्या बायकांना कायम करा म्हणून मागा, आणि त्या मातंग वस्तीतल्या आहेत म्हणून तो मोर्चा आपला नाही, असं म्हणू नका. हे छोटं काम आहे, यावर कविता होत नाही. मी प्रयत्न केला, झाली नाही.

बाराव्या दिवशी मी तहसीलच्या बाहेर टायपिस्टकडं गेलो. म्हणलं, खाली एक ओळ वाढव : 'बहिणीच्या नेमणुकीस हरकत नाही, परंतु सफाईचे काम वारशाने देण्यास हरकत आहे.' त्यानं चष्म्यावरून बघितलं. "असा नमुना न्हाई. असलं लिहिलं तर अर्ज फेटाळतील." धाकटी शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघत राहिली. मी आहे तसल्या कागदावर सही केली.

मित्र आता बोलत नाही. विहारात समोर आला तर जयभीम करतो आणि पुढं जातो. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. त्याला या पानांवर उत्तर लिहायचं असेल तर त्यानं लिहावं, मी वाचीन.

धाकटी हजर झाली. पहिल्याच आठवड्यात तिला बाजारपेठेमागच्या गटारावर टाकली. तिनं मोजे आणि गमबूट मागितले. मुकादम म्हणाला, "तुझ्या बानं कधी मागितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी तिनं सुट्टीच्या टायमाला अर्ज लिहून नेला, तिच्या हस्ताक्षरात, मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं, दोन प्रतींत. आवक-जावकच्या टेबलावर जो बसतो तो हजेरीपटावर सफाई कामगार आहे. तो म्हणाला, ठेव तिथं, बघतो. ती म्हणाली, शिक्का मारा आणि नंबर घाला. पाऊण तास उभी होती. दुकानात दहा तास उभं राहायची सवय आहे तिला. नंबर घेऊनच घरी आली, आणि ती प्रत आता माझ्या खिशातल्या त्या कागदाच्या जागी आहे. मोजे अजून आलेले नाहीत.